पणजी आठवेल का तिला?

प्रश्न: माझी आजी नुकतीच गेली. मुलगी तीन वर्षांची, तिचा पणजीवर भारी जीव. ती विसरेल का हो सगळं?

उत्तर: वाचून खरंच वाईट वाटलं. इतक्या लहानपणीचं बहुतेकांना मोठेपणी आठवत नाही, पण ज्यांच्याबद्दल घरात सारखं बोललं जातं ती माणसं मुलांच्या मनात राहतात, म्हणून आजींचा विषय टाळू नका, बोलताना रडू आलं तरी चालेल. आणि त्यांचे व्हॉइस मेसेज, व्हिडिओ आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण फोन बिघडला की आवाज गेला, तो फोटोतून मिळत नाही. 'पणजी झोपलीय' असं मात्र सांगू नका, मुलं मग झोपायलाच घाबरतात. वारली, आता परत येणार नाही, असं सरळ सांगा, ती पुन्हापुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा सांगा.