‘साहेब सारखं “का, का” विचारतात, म्हणजे माझ्यावर विश्वासच नाही ना?’

चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या जपानी कंपन्यांत काम करणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. त्यातलीच ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

क्वालिटी विभागातले इंजिनिअर, वय पस्तिशीच्या आसपास. सोबत पत्नी. “हे सकाळच्या मीटिंगच्या धास्तीने रात्रभर कूस बदलत असतात, मॅडम,” त्या म्हणाल्या. राजीनामा लिहून तयार होता.

झालं होतं असं. एका लॉटमध्ये बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत कणी) असलेले पार्ट सापडले. यांनी दोन पोरं हाताशी घेऊन रात्रभर सॉर्टिंग केलं, खराब माल स्क्रॅपमध्ये टाकला, चांगला माल वेळेवर रवाना केला. आधीच्या कंपनीत अशा कामाला शाबासकी मिळायची. इथे जपानी सल्लागारांनी दुभाषीमार्फत पहिलाच प्रश्न टाकला, “काल का सांगितलं नाही?” मग फळ्यावर एकामागून एक ‘का’. “ज्युनिअर पोरांसमोर लाज काढली हो माझी!”

अपमानाची ती भावना खरी होती आणि तिला जागा द्यायलाच हवी होती. ती बोलून झाल्यावर मी त्यांना फळ्यावरचे प्रश्न जसेच्या तसे लिहायला सांगितले. बर का आली? टूल झिजलं होतं. का बदललं नाही? टूलचा वापर मोजणारा काउंटर चुकीचा होता. का? मागच्या वेळी टूल बदलल्यावर तो शून्यावर आणलाच नव्हता. का? ते ऑपरेटरने करायचं की मेंटेनन्सने, हे ठरलेलंच नव्हतं. कागद त्यांच्याकडे सरकवून विचारलं, “यात तुमचं नाव कुठे आहे?” ते बराच वेळ वाचत राहिले.

टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी रुजवलेली, एकामागून एक ‘का’ विचारण्याची ही पद्धत माणसापाशी न थांबता व्यवस्थेतल्या भोकापर्यंत जाते. खराब पार्ट रात्रीच स्क्रॅपमध्ये गेल्यामुळे सल्लागारांना मशीनपाशी उभं राहून बघायला काही उरलं नव्हतं, राग त्याचा होता. आपल्याकडे ‘साहेबांच्या कानावर जायच्या आत निस्तरलं’ हे कौतुक असतं. तिथे वाईट बातमी अर्धवट असली तरी लगेच द्यायची असते.

मग सराव केला: काय झालं, किती नग, माल कुठे थांबवलाय, पुढची माहिती किती वाजता देणार. सुरुवातीला त्यांची गाडी “ॲक्च्युअली मॅनपॉवर कमी होती” यावरच घसरायची. दुभाषी ताईंशी मीटिंगआधी पाच मिनिटं बोलून घ्या, हेही सुचवलं. प्रश्न कानावर पडतो तो त्यांच्याच आवाजात.

मात्र साहेब उठेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा त्यांचा नेम मी मोडायला लावला. कामाच्या ताणाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी खुद्द जपानने 2014 मध्ये कायदा केला आणि 2019 पासून जादा कामाला साधारणपणे महिन्याला 45 तासांची मर्यादा घातली. काम संपलं की उद्याचं नियोजन सांगून निघायचं, असं आम्ही ठरवलं.

राजीनामा दिलेला नाही. रिजेक्शन वाढलं की पोटात गोळा अजून येतो, पण फोन आता तेच आधी करतात. झोप पुरती सुधारलेली नाही, म्हणून त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं आहे.