खासदारांच्या प्रश्नाला खातं खरंच घाबरतं का?

थोडक्यात सांगायचं तर सभागृहातल्या आरडाओरड्याला सरकारी खातं घाबरत नाही, लेखी अडकायला मात्र घाबरतं.

आता सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं की तुमच्या रखडलेल्या रेल्वेमार्गाबद्दल खासदारांनी लोकसभेत प्रश्न विचारला, लांबलचक उत्तर आलं, त्यात महाराष्ट्रात एकूण किती प्रकल्प, किती किलोमीटर, किती कोटी हे सगळं होतं, फक्त तुमचा मार्ग कधी होणार तेवढं नव्हतं, मग हे सगळं नाटक कशासाठी? मी काही वर्षं दिल्लीत एका खासदारांकडे प्रश्न ड्राफ्ट करायचं काम केलंय आणि रेल्वेची असली उत्तरं ढिगाने वाचलीत. शेवटचा परिच्छेद तर डोळे मिटून सांगू शकते. प्रकल्प पूर्ण होणं हे भूसंपादन, वनखात्याची परवानगी, वाटेतल्या वीज-पाण्याच्या वाहिन्या हलवणं, राज्य सरकारचा वाटा, पाऊसपाणी अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतं, त्यामुळे निश्चित तारीख सांगता येत नाही. आणि स्टेशन, गाड्या, थांबे यांच्याबद्दल विचारलंत तर 'ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे'.

हे वाक्य आळसाने लिहिलेलं नसतं हो, विचार करून लिहिलेलं असतं. मंत्र्याने सभागृहात 'विचाराधीन आहे', 'तपासून बघतो', 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं काही म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं, त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पुरं करायची जबाबदारी खात्यावर येते. नाही केलं तर मुदतवाढ मागावी लागते, आणि लोकसभेची सरकारी आश्वासन समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते की बाबांनो अमुक साली मंत्री असं म्हणाले होते त्याचं काय झालं. राज्यसभेची अशीच वेगळी समिती आहे. त्यामुळे उत्तर लिहिणारा अधिकारी पहिली काळजी हीच घेतो की आपल्या वाक्यातून आश्वासन निघता कामा नये. 'निरंतर प्रक्रिया' म्हटलं की काहीच कबूल केलेलं नसतं, बघा किती सोयीचं!

म्हणजे प्रश्न असा हवा की त्याला हे वाक्य चिकटवताच येणार नाही. 'सरकारला याची कल्पना आहे काय, असल्यास काय पावलं उचलली' या छापाचे प्रश्न खात्याला फार आवडतात, कारण त्याला निबंध लिहून देता येतो. त्याऐवजी असं विचारायचं की या मार्गासाठी गेल्या पाच वर्षांत पिंक बुकात वर्षागणिक किती तरतूद होती, त्यातले खर्च किती झाले, एकूण किती हेक्टर जमीन हवी, त्यातली ताब्यात किती, राज्याने आपला वाटा किती दिला आणि किती थकवला, सध्याच्या कंत्राटाची मुदत कधी संपते. पिंक बुक म्हणजे रेल्वेच्या कामांची झोनवार यादी, बजेटबरोबर येते, रेल्वेच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. ती जरूर उघडा. कागदावर मंजूर असलेल्या कित्येक कामांसमोर तिथे फक्त एक हजार रुपये लिहिलेले सापडतात, एक हजार कोटी नव्हे, एक हजार रुपये. काम यादीतून उडू नये म्हणून ठेवलेली ती नाममात्र रक्कम, आणि गावात फ्लेक्स मात्र लागतो की आपल्या मार्गाला बजेटमध्ये स्थान मिळालं! नगर-बीड-परळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला आणि नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावली २०२२ मध्ये.

आता तारांकित-अतारांकितबद्दल, कारण त्यात बराच गोंधळ असतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, आणि २३० अतारांकित, ज्यांना नुसतं लेखी उत्तर मिळतं. निदान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, बॅलट म्हणजे सोडत निघते, त्यात नंबर लागला तर लागला. खात्यांचे वार ठरलेले असतात, रेल्वेचा लोकसभेतला वार बुधवार. त्या २० पैकी तासाभरात पाच-सहा झाले तरी खूप, आणि गोंधळ झाला की तेही नाही. पण तारांकित लागला की खात्यात धावपळ होते हे खरंय, कारण पुरवणी प्रश्न काय येईल ते माहीत नसतं आणि मंत्र्यांसाठी त्या विषयाची जाडजूड फाइल बनवावी लागते, विभागीय कार्यालयांना फोन जातात, वर्षभर धूळ खात पडलेली माहिती दोन दिवसांत वर येते. मला विचाराल तर प्रश्नाचा अर्धा फायदा उत्तर येण्याआधीच झालेला असतो.

अतारांकित म्हणजे कमी दर्जाचा असं मात्र समजू नका, आकडे काढायला तोच बरा. म्हणूनच 'आमच्या खासदारांनी पाचशे प्रश्न विचारले' या हिशोबाला मी फारशी किंमत देत नाही. पहिल्या उत्तरातून दुसरा प्रश्न काढला का, तो पुढच्या अधिवेशनात लावला का, ते बघा. मुंध्रा प्रकरणात नेमकं हेच घडलं होतं. १९५७ मध्ये नवीकोरी एलआयसी उद्योगपती हरिदास मुंध्रांच्या सहा कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवते, लोकसभेत प्रश्न येतो, अर्थखातं गुळमुळीत उत्तर देतं, पुन्हा प्रश्न येतो, आणि डिसेंबरात फिरोज गांधी, जे स्वतः सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, खात्यातल्या पत्रव्यवहाराच्या आधारे सरकारला धारेवर धरतात. मग मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग बसला, मुंबईत उघड सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात साध्या प्रश्नाने झाली होती, पण पहिल्याच उत्तरावर गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

याउलट पत्र. खासदार मंत्र्यांच्या हातात निवेदन देताहेत असा फोटो तुमच्याही ग्रुपवर आला असेल. पत्राला सभागृहाची मुदत नाही, रेकॉर्ड नाही, 'आपले पत्र मिळाले, संबंधितांकडे पाठवले' एवढी पोच आली की विषय संपतो. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलाबद्दल मुंबईच्या खासदारांनी आधीच पत्रं लिहिलेली होती, नव्या पुलाला मंजुरीही होती, तरी २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मंजुरी आणि काम यांच्या मधल्या काळात खात्याला कुणी, कुठे, लेखी जाब विचारायचा हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे पत्र फार तोकडं पडतं.

पैशाच्या बाजूनेही पकड असते, निदान असायला हवी. पूर्वी रेल्वेचं बजेट वेगळं असायचं, २०१७ पासून ते मुख्य बजेटमध्ये गेलं. खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, लोकसभेत येतात, खासदार ती रक्कम कमी करा अशी कपात सूचना देऊ शकतात, पण वेळ संपला की गिलोटिन लागतं आणि उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर. २०१८ च्या मार्चमध्ये तर एकाही खात्याच्या मागण्यांवर चर्चा झाली नाही. तेव्हा खरी तपासणी होते ती संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीत, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार, दारं बंद, कॅमेरे नाहीत, आणि समोर मंत्री नसतात, रेल्वे बोर्डाचे अधिकारी असतात. कॅमेरा नसला की खासदार पक्ष विसरून बऱ्यापैकी कामाचं बोलतात असा माझा अनुभव. समिती शिफारशी करते, सरकार त्यावर काय केलं ते कळवतं, मग समिती दुसरा अहवाल काढते आणि त्यात कुठली उत्तरं पटली, कुठली पटली नाहीत ते वेगवेगळं छापते. शिफारस बंधनकारक नाही, हे दुखणं आहेच. पण तो दुसरा अहवाल वाचा, न पटलेल्या उत्तरांचं प्रकरण असतं ना, खात्याची दुखरी नस तिथेच सापडते.

खर्च होऊन गेल्यावर येतो कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारा महालेखापरीक्षक, आणि त्याचे अहवाल घेऊन बसते संसदेची लोकलेखा समिती, जिचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. गाड्या रुळांवरून घसरण्याबद्दलचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत ठेवला गेला. त्यात होतं की सुरक्षेसाठी जो लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष २०१७-१८ पासून उभा केला, त्यात रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून वर्षाला पाच हजार कोटी घालायचे होते, चार वर्षांत वीस हजार कोटी व्हायला हवे होते, त्यातले १५,७७५ कोटी घातलेच नाहीत. बहुतेकांनी हे वाचलं २ जून २०२३ च्या ओडिशातल्या बालासोर रेल्वे अपघातानंतर. त्या अपघाताचं कारण सिग्नलचं होतं, रुळांचं नव्हतं, त्यामुळे 'कॅगने आधीच सांगितलं होतं' हे तेव्हा फिरलेलं वाक्य जरा सैलच, पण सहा महिने तो अहवाल पटलावर पडून होता आणि कुणाला पत्ता नव्हता हेही तितकंच खरं. लोकलेखा समिती कॅगच्या अहवालांतले सगळे परिच्छेद तपासायला घेऊ शकत नाही, निवडक घेते, बाकीच्यांवर खातं नुसती लेखी टिप्पणी देतं.

तुमच्या मार्गासाठी आता काय करता येईल? आलेलं उत्तर संसदेच्या साइटवरून काढा, त्यात आश्वासनासारखं एखादं वाक्य सापडतंय का बघा, सापडलं तर खासदारांच्या पीएंना ते आश्वासन समितीकडे न्यायला सांगा. नसेल तर त्या उत्तरातून निघालेल्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चेची नोटीस देता येते, नंबर लागेलच असं नाही, पण द्यायला काय जातंय. पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की दोन-तीन दिवसांत पिंक बुकच्या पानासकट चार ओळींचा तयार प्रश्न त्यांच्या ऑफिसात पोचवा. पीए लोकांना आयता ड्राफ्ट मिळाला की ते खूश असतात, फक्त त्यात तुमच्या गावाचा इतिहास घालू नका, प्रश्नाला शब्दमर्यादा असते.