चौघे, एक काठी आणि २४ तास

डोंगरी सायकलींच्या २४ तासांच्या रिलेबद्दल गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रं ॲरिझोनाच्या आसपास राहणाऱ्यांची, आणि त्यांच्या मनातली शर्यतही एकच : टूसॉनच्या उत्तरेला, ओरॅकल गावाजवळच्या वाळवंटात फेब्रुवारीत होणारी ‘२४ अवर्स इन द ओल्ड प्यूब्लो’. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अशा रिलेची सुरुवात १९९२ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, केनान इथे झाली. शर्यत शनिवारी दुपारी १२ला सुरू होते, रविवारी दुपारी १२ला संपते. वाट गोल असते, ओल्ड प्यूब्लोत साधारण २६ किलोमीटरची. संघातला एकच जण वाटेवर असतो. तो परतला की बदलीच्या तंबूत हातातली काठी पुढच्याला देतो. ज्या संघाच्या फेऱ्या जास्त, तो पुढे.

आम्ही चौघे मित्र, वयं ३८ ते ४६. एक फेरी साधारण दीड तासात होते. रात्री सायकल कुणीच चालवलेली नाही. फेऱ्या कशा वाटून घ्याव्या? एकामागोमाग एक हेच बरं ना?
— चँडलर, ॲरिझोना

दिवसा बरं, रात्री नाही. एकेक फेरी केली तर दोन पाळ्यांमध्ये साडेचार तास मिळतात. कागदावर ते भरपूर वाटतात. प्रत्यक्षात परत आल्यावर कपडे बदलणं, खाणं, सायकल पुसणं यात सव्वा तास जातो, आणि पुढच्या पाळीच्या तासभर आधी उठावंच लागतं. मधे उरतात दोन-सव्वादोन तास. त्यातला पहिला अर्धा तास छाती धडधडत असते, झोप लागत नाही. रात्रभर हेच चाललं तर पहाटे चौघेही अर्धवट झोपेत असतात, आणि पडझड नेमकी तेव्हाच होते.

म्हणून रात्री प्रत्येकाने सलग दोन फेऱ्या कराव्यात. तुमच्या वेगाने आखणी अशी बसते. दुपारी १२ ते संध्याकाळी ६ : चौघांची एकेक फेरी. अंधारात दीड तासाची फेरी पावणेदोन तासांची होते असं धरा, म्हणजे जोडफेरीला साडेतीन तास. पहिला गडी ६ ते साडेनऊ, दुसरा रात्री १ पर्यंत, तिसरा साडेचारपर्यंत, चौथा सकाळी ८ पर्यंत. मग पुन्हा एकेक : ८ला पहिला, साडेनऊला दुसरा, ११ला तिसरा. एकूण १५ फेऱ्या. चौथ्याच्या वाट्याला तीनच येतात, पण त्यातल्या दोन पहाटेच्या आहेत, तो तक्रार करणार नाही. फायदा असा की पहिल्याला रात्री साडेनऊपासून साडेदहा तास मोकळे, दुसऱ्याला १ नंतर साडेआठ, आणि तिसऱ्या-चौथ्याला रात्रीच्या पाळीआधीच आठ-दहा तास. प्रत्येकाला एक सलग झोप मिळते.

जोडफेरीत पहिली फेरी संपली तरी तंबूत शिरून नोंद करावीच लागते. तेवढ्यात तंबूत उभ्या असलेल्या आपल्या माणसाला वेळ सांगायची, बाटली बदलायची, दिव्याची बॅटरी बदलायची आणि निघायचं. फोनच्या भरवशावर राहू नका. वाळवंटात रेंज असेलच असं नाही. उठवण्याची वेळ घड्याळावर ठरवा : अपेक्षित वेळेच्या ६० मिनिटं आधी गजर, १५ मिनिटं आधी बदलीच्या तंबूत हजर. येणारा आला आणि घेणारा नाही, तर घड्याळ चालूच राहतं. वाटेवर पाच मिनिटं वाचवायला काय यातायात पडते ते पुढच्या सरावात मोजून बघा. तंबूत तीच पाच मिनिटं फुकट जातात.

पहिल्या पाळीला कोण? सुरुवातीला सायकलपर्यंत पळत जावं लागतं, म्हणून संघ बहुतेकदा सगळ्यात जोरकस माणूस पुढे करतात. आमच्या मते सगळ्यात शांत माणूस करावा. पहिल्या अर्ध्या तासात गर्दीमुळे ओव्हरटेक करताना वाटेबाहेर, म्हणजे थेट निवडुंगात जाणारे बरेच असतात. पळण्याआधी सायकल हलक्या गिअरवर लावून ठेवा आणि ती धरायला एकाला उभं करा. पहिली फेरी १ तास १५ मिनिटांत आणि तिसरी १ तास ५० मिनिटांत करण्यापेक्षा १:२८, १:३० अशा सपाट फेऱ्या संघाला जास्त उपयोगी.

दिवे किती ल्युमेनचे घ्यावे? दुकानात ५००० ल्युमेन लिहिलेले स्वस्त दिवेही दिसतात.
— टेम्पी, ॲरिझोना

फेब्रुवारीच्या मध्याला तिथे सूर्य साधारण ६ला मावळतो आणि ७ला उगवतो, म्हणजे तेरा तास अंधार. दिवे दोन हवेत : एक हँडलवर, एक हेल्मेटवर. हँडलचा १००० ते १५०० ल्युमेनचा, पसरट उजेडाचा. हेल्मेटचा ६०० ते १०००चा, अरुंद झोताचा. दोन का? हँडलचा उजेड खालून येतो, त्यामुळे दगड-खळग्यांच्या सावल्या पडतात आणि खोली कळते. पण वळणावर तो दिवा चाक जिकडे तिकडेच बघतो. तुम्हाला हवी असते वळणापलीकडची वाट, ती हेल्मेटचा दाखवतो. फक्त हेल्मेटवरचा लावला तर सावल्याच दिसत नाहीत. सगळी वाट सपाट वाटते आणि खड्डा चाकाखाली आल्यावर कळतो. खिशात तिसरा, छोटासा दिवा असू द्या.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांवर जाऊ नका. बघायचं ते असं : पूर्ण उजेडावर तो प्रत्यक्ष किती वेळ चालतो. घरी रात्री गॅलरीत लावून घड्याळ लावा. थंडीत लिथियम बॅटरीची ताकद कमी भरते, त्यामुळे घरी दोन तास निघाले तर तिथे दीडच धरा. चढावर मध्यम उजेड पुरतो, वेगच नसतो, उतारावर पूर्ण. बटण हातमोज्यातून दाबता येतं का तेही पाहा.

आणि प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. चार्ज झालेली आणि संपलेली यांचे दोन वेगळे डबे करा. रात्री २ला सारख्या दिसणाऱ्या आठ बॅटऱ्यांतून भरलेली कोणती हे कुणालाच आठवत नाही.

पुण्यात टेकड्यांवर बाभळीच्या काट्यांना तोंड दिलं आहे. नोकरीमुळे फीनिक्सला आलो. ट्यूबलेसची खरंच गरज आहे का?
— एक पुणेकर, सध्या फीनिक्स

आहे. बाभळीचा काटा मोठा असतो, तो एक भोक पाडतो आणि सापडतो. इथे तुमची गाठ दुसऱ्या दोघांशी आहे. एक चोया निवडुंग, ज्याचे तुकडे गळून वाटेवर पडतात आणि हात लागताच चिकटतात. दुसरा तुमच्या ओळखीचा : सराटा. होय, आपल्याकडे माळावर पायाला टोचतो तोच, गोखरू. अमेरिकेत त्याला पंक्चरवेल म्हणतात, ते नाव उगाच पडलेलं नाही. यांची भोकं बारीक आणि एकदम दहा-पंधरा पडतात. ट्यूबला ठिगळ लावायचं तर कुठे कुठे लावणार?

२९ इंची, २.४ रुंदीच्या टायरमध्ये प्रत्येकी १०० ते १२० मिलिलिटर सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, घाला. जुनं असेल तर तसंच चालवू नका. कोरड्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत आटतं आणि आत नुसत्या रबरी गोळ्या उरतात. चाक हलवून खळखळ आवाज येत नसेल तर संपलं समजा. शर्यतीच्या आठवडाभर आधी नवं भरा आणि एकदा तरी चालवून या, म्हणजे गळती तिथे जाऊन कळणार नाही.

वाटेत बारीक काटा दिसला तर ओढून काढायची घाई नको. सीलंटने त्याच्याभोवती जागा बंद केलेली असते. मोठं भोक असेल तर प्लग, म्हणजे मोटारीच्या ट्यूबलेस टायरला पंक्चरवाला कोंबतो तशीच चिकट दोरी, बारीक आकारात. प्लग लावून भोक खाली येईल असं चाक धरा, हवा भरा. अगदीच नाइलाज झाला तर ट्यूब. पण त्याआधी टायरच्या आतून हातमोजा घालून बोट फिरवा आणि आत आलेली काट्यांची टोकं चिमट्याने काढा. हे न करता घातलेली ट्यूब शंभर मीटरवर बसते. लोक ट्यूबला शिव्या देतात, चूक घाईची असते.

हवा : ७० ते ७५ किलोच्या माणसाला पुढे २० ते २२, मागे २३ ते २५ पीएसआय. इथेच रात्रीचा एक घोळ आहे. दुपारी २० अंश असताना भरलेली हवा रात्री पारा शून्याजवळ गेला की दोनेक पीएसआयने उतरते. २२ची २० झाली की दगडावर रिम आपटू लागतो. लोकांना वाटतं टायर गळतोय, आणि ते अंधारात भोक शोधत बसतात. सूर्यास्तानंतर गेज लावून पुन्हा भरा, सकाळी ऊन चढलं की थोडी सोडा.

खिशात एक साधा रुंद दातांचा कंगवा ठेवा. चोयाचा गोळा पोटरीला चिकटला तर हाताने काढू नका, तो बोटांना चिकटेल. कंगवा गोळ्याच्या खाली सरकवून झटका द्या. उरलेले काटे तंबूत पोचल्यावर चिमट्याने.

माझा मुलगा आणि सून दोघंही शर्यतीत आहेत. मी फेब्रुवारीत त्यांच्याकडे असेन आणि तंबू सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आहे. नेमकं काय करायचं असतं?
— नाशिक

ताई, संघातलं सगळ्यात जबाबदारीचं काम तुमच्याकडे आलं आहे.

पहिली गोष्ट शेगडी. छोट्या डब्यावरची ब्युटेनची शेगडी नेऊ नका. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप व्हायचंच थांबतं, त्यामुळे पहाटे चहाच्या वेळी ज्योत मिणमिणते. मुलाला प्रोपेनची आणायला सांगा. ती तंबूच्या आत पेटवायची नाही, थंडी कितीही असली तरी. वारा जोराचा असतो. मांडवाच्या चारही पायांना पाण्याचे भरलेले कॅन बांधून घ्या.

खाणं. पाळीच्या दोन तास आधी मऊ, कमी तुपाचं : मेतकूट-भात, साध्या फोडणीचा उपमा, गुळाची दशमी. परत आल्यावर अर्ध्या तासात गरम काहीतरी, भात-वरण सगळ्यात चांगलं, मीठ नेहमीपेक्षा किंचित जास्त. लाडू-चिक्की चालेल, पण ती पाळीनंतर. शेंगदाणा आणि तूप पोटात जड राहतं आणि चढावर वर येतं. चिवडा, भजी, लोणचं रविवारी दुपारसाठी राखून ठेवा. मुलं मागतील, देऊ नका.

सायकलवर प्यायला लिंबू सरबत उत्तम. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, एका लिंबाचा रस. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पोटात जायला हवं. रात्री थंडीमुळे तहान लागत नाही आणि बाटली भरलेलीच परत येते. ती तपासणं तुमचं काम. दोनदा तशी आली तर तिसऱ्या वेळी सरबत कोमट करून द्या.

आलेल्या माणसाला आधी बसू देऊ नका. घामाचे ओले कपडे, विशेषतः गादीची चड्डी, पाच मिनिटांत बदलायला लावा. थंडी तिथूनच भरते आणि जांघेत घासून जखमाही तिथूनच होतात. प्रत्येक पाळीचा पूर्ण जोड (चड्डी, बनियन, मोजे, हातमोजे) वेगळ्या पिशवीत, वर नाव आणि पाळीचा आकडा. हे घरीच भरून आणा. कॉफी मागितली तर पाळीच्या पाऊण तास आधी एक कप. पाळी संपवून झोपायला जाणाऱ्याला नाही.

एक वही ठेवा : कोण किती वाजता निघालं, किती वाजता आलं, काय खाल्लं. तिसऱ्या पाळीनंतर संघाची स्मरणशक्ती म्हणजे ती वही.

फेरीच्या मधे सायकल मोडली तर दुसरा जाऊन आणू शकतो का?
— पिंपरी-चिंचवड

सहसा नाही. ज्याने काठी घेतली त्यानेच ती परत आणायची; सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन. म्हणून मोडणाऱ्या गोष्टी खिशात हव्यात : चेनची जोडकडी, मागच्या गिअरचा हँगर (गिअर सांगाड्याला जोडणारा तुकडा), ४-५-६चे ॲलन पाने, टी-२५ (ताऱ्याच्या टोकाचा पाना). हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, मित्राचा तुमच्या सायकलला बसत नाही. गिअर वायरलेस असेल तर त्याची बॅटरीही पाळीगणिक बघा. तंबूत मात्र ब्रेक पॅडच्या दोन जोड्या आणि कोरड्या हवेसाठीचं चेन ऑइल पुरे. धूळ बारीक असते. आधी फडक्याने पुसा, मग एका कडीला एक थेंब, मग पुन्हा पुसा.

शेवटची फेरी १२च्या आधी संपली तर?
— मेसा, ॲरिझोना

इथे शर्यतीगणिक नियम बदलतो. काही ठिकाणी १२च्या आधी निघालेली फेरी नंतर पुरी केली तरी मोजतात, काही ठिकाणी १२च्या आत परतावं लागतं. काही ठिकाणी शेवटची रेषा १२ नंतरच ओलांडावी लागते. ११:५०ला आलेला संघ एक तर आणखी एक फेरी काढतो, नाहीतर रेषेच्या अलीकडे घड्याळाकडे बघत उभा राहतो. शर्यतीआधीच्या सूचनासभेत हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रविवारी सकाळी ९ला संघाने ठरवायचं : शेवटच्या फेरीला निघणाऱ्याने जोर लावून १२च्या आत यायचं, की आरामात १२:०५ला. वर दिलेल्या आखणीत तिसरा गडी ११ला निघतो आणि साडेबाराला येतो. बारानंतर परतलेली फेरी तुमच्या शर्यतीत मोजत नसतील तर त्याला अकराला पाठवू नका.