सील फोडावे की जपावे : दांडिया बाजारातल्या त्या खोक्याविषयी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे पुढचे बोलणे सर्वांना समजेल. बडोद्याच्या दांडिया बाजारातील तुमच्या मामांनी दुकान आवरताना पोटमाळ्यावरून एक खोके खाली काढले. त्यात प्लेस्टेशन २ या सोनीच्या व्हिडिओ गेम यंत्राचे सीलबंद खेळ निघाले : ‘हनुमान : बॉय वॉरियर’च्या दोन प्रती, ‘देसी अड्डा’ची एक, आणि बाकी फुटबॉल, मारामारी, मोटारींच्या शर्यती असे नेहमीचे खेळ. शिवाय अमेरिकेतील मावशींनी पूर्वी आणलेली आणि कधीच न उघडलेली ‘पोकेमॉन गोल्ड’ची, म्हणजे गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राच्या खेळाची, कॅसेट आहे. धाकटा भाऊ खेळण्यासाठी उतावीळ झाला आहे, तर मामांचे म्हणणे असे, की हात लावू नका, पुढे याचेच लाखो रुपये होतील. तुम्ही दोघांच्या मध्ये अडकला आहात.

मला वाटते, सगळ्या खोक्याला मिळून एकच नियम लावता येणार नाही. सील हे वेष्टन जपते; आतल्या खेळाला त्याचा उपयोग फारच थोडा होतो. त्यामुळे प्रत्येक नग हातात घेऊन एवढेच विचारावे, की यातले जपण्यासारखे नेमके काय आहे, आणि ते सील ठेवल्याने जपले जाते की फोडल्याने.

मामांच्या लाखो रुपयांच्या अपेक्षेला आधार आहे, पण तो आपल्या खोक्याला लागू पडत नाही. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली आणि त्याच्या दोनच दिवस आधी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला विकली गेली. या दोन किमतींमागची कारणे वेगवेगळी होती. झेल्डाची ती प्रत अगदी सुरुवातीच्या, थोडाच काळ चाललेल्या उत्पादनातील होती. मारिओ ६४ मात्र १९९६ चा, जगभर एक कोटीहून अधिक प्रती खपलेला खेळ आहे. तिथे पैसे मोजले गेले ते ९.८ ए++ या दर्जाला. वाटा या प्रतवारी करणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत आकडा खेळाच्या मूळ खोक्याच्या स्थितीचा असतो आणि अक्षर सीलच्या स्थितीचे. सीलबंद नगात आतली कॅसेट चालते की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. त्या वर्षानंतर हा बाजार पुष्कळ थंडावला. पोटमाळ्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या, प्लॅस्टिकच्या डबीतल्या आणि वेष्टनावर किमतीचा कागद चिकटवलेल्या प्लेस्टेशन २ च्या फुटबॉलला यांपैकी कोणतेच कारण मिळत नाही. त्या यंत्राची विक्री १५ कोटींच्या वर गेली आहे आणि त्याचे गाजलेले खेळ आजही ढिगाने मिळतात.

आता वेष्टनाच्या आत काय चालते ते पाहू, कारण ‘सीलबंद म्हणजे सुरक्षित’ हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलेला आहे. त्या पारदर्शक वेष्टनाला बहुधा कारखान्यातच बारीक छिद्रे ठेवलेली असतात, गरम हवेने ते आकसताना आतली हवा बाहेर पडावी म्हणून. तीच छिद्रे नंतर दमट हवाही आत घेतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावर संग्रह असलेल्यांना याचा अनुभव आला : पाणी ओसरल्यावर वरून कोरड्या दिसणाऱ्या डब्यांतल्या पुस्तिका आठवडाभरात एकमेकींना चिकटल्या आणि त्यांवर बुरशी धरली. उघडा खेळ असता, तर पुस्तिका काढून पंख्याखाली वाळवता आली असती. सील मोडण्याच्या भीतीने अनेकांनी तेही केले नाही. उष्णतेचे नुकसान वेगळे आहे. मे महिन्यात आपल्याकडे स्लॅबखालचा माळा तापतो तेव्हा वेष्टन आणखी आकसते. प्लॅस्टिकच्या डबीला त्याने फारसे काही होत नाही, परंतु कॅसेटचे पुठ्ठ्याचे खोके कोपऱ्यांवर चेपले जाते. म्हणून एखादा नग सीलबंद ठेवायचाच असे ठरवले, तर तो माळ्यावरून आजच खाली आणा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून दर पावसाळ्याआधी त्या बदलत जा.

डिस्कचेही तसेच आहे. सीडीमध्ये अॅल्युमिनियमचा चमकता थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो आणि त्यावर केवळ लाखेसारख्या लेपाचे व छपाईचे संरक्षण असते. डीव्हीडीमध्ये तो थर ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्यांच्या मध्ये डिंकाने बंद केलेला असतो. लेप किंवा डिंक कमी प्रतीचा असेल, तर हवा आत शिरून थर काळवंडतो आणि डिस्क वाचली जात नाही. हे सीलच्या आतही घडते. उघडलेली डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली, की थर गेलेल्या जागी सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात आणि दुखणे कळते. सीलबंद डिस्कचे दुखणे कळायला मार्गच नाही.

या खोक्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे नग ‘हनुमान’चे आहेत. ऑरोना टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीने तो बनवला, तो २००९ मध्ये सोनीमार्फत बाजारात आला, आणि संपूर्णपणे भारतात तयार झालेला प्लेस्टेशन २ चा पहिला खेळ म्हणून त्याची नोंद होते. समीक्षकांनी त्याचे कौतुक केले नाही, काही हिंदू संघटकांनी देवतेला खेळाच्या बटणांवर नाचवल्याबद्दल आक्षेपही घेतला, आणि थोड्याच काळात तो दुकानांतून दिसेनासा झाला. त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’ कबड्डी, विटीदांडू अशा आपल्या खेळांवर उभा होता. हे खेळ चांगले होते की सुमार, हा वाद वेगळा. आपल्या देशात या माध्यमाची सुरुवात कशी झाली, त्याचा हा पुरावा आहे, आणि तो सांभाळण्याची काळजी जपान-अमेरिकेतले संग्राहक आपल्या वतीने घेणार नाहीत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज विक्रीसाठी उपलब्ध नाहीत. ज्या देशात यासाठी संस्था आहेत, तिथे ही अवस्था आहे.

म्हणून ‘हनुमान’ची एक प्रत उघडा आणि दुसरी तशीच ठेवा. आपल्याच शहरातील प्राच्यविद्या मंदिराचे उदाहरण इथे मला नेमके वाटते. तिथल्या विद्वानांनी वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली, ती ठिकठिकाणच्या पोथ्यांची फडकी सोडून आणि पाठ शब्दशः ताडूनच. पोथी जपायची, पण तिचा पाठ आधी उतरवून घ्यायचा, ही रीत डिस्कलाही चालते. प्लेस्टेशन २ ची डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते. तिची जशीच्या तशी संगणकी प्रतिमा बनवून त्या प्रतिमेतल्या सगळ्या माहितीवरून एक ओळखसंख्या काढतात, आणि वेगवेगळ्या डिस्कवरून घेतलेल्या दोन प्रतिमांच्या संख्या जुळल्या, की ती नक्कल निर्दोष धरतात. रीडम्प या प्रकल्पात जगभरचे लोक हेच काम करतात. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रणालीच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा देते. मात्र ती प्रत इतरांना वाटण्याची परवानगी त्यात नाही, हे भावाला स्पष्ट सांगून ठेवा.

उघडण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. आधी दोन्ही प्रतींचे सहाही बाजूंनी फोटो काढा. मागच्या बाजूला वेष्टनावर एक छोटा पांढरा कागद चिकटवलेला असेल, त्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, वितरकाचे नाव व पत्ता आणि महिना-वर्ष छापलेले असते. हा खेळ भारतात कधी, कोणी आणि किती रुपयांना विकला याची ही एकमेव कागदोपत्री खूण, आणि लोक ती वेष्टनासकट कचऱ्यात टाकतात. तेव्हा वेष्टन नखाने फाडू नका. डबी ज्या बाजूने उघडते त्या कडेने, दाब न देता, पातळ ब्लेडने एकच सरळ चीर द्या आणि डबी तिथून सरकवून बाहेर काढा. वेष्टन पाकिटासारखे अखंड राहते आणि कागद जागच्या जागी राहतो. ते वेष्टन दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून डबीबरोबरच ठेवा. डिस्क कडेला धरून उपसू नका. मधली कळ दाबली की ती आपोआप सुटते. इतकी वर्षे एकाच जागी अडकून बसलेल्या डिस्कला ओढाताण झाली तर मधल्या भोकापासून तडा जातो. दोन प्रतींवरच्या कागदांवर महिना वेगवेगळा असेल, तर तेही टिपून ठेवा, कारण त्याचा अर्थ माल एकाहून अधिक खेपांत आला होता.

‘देसी अड्डा’ची प्रत एकच आहे, तरीही मी ती उघडेन. एकुलती एक प्रत चालते की नाही हे माहीत नसताना ती जपून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. काळवंडायला लागली असेल तर आज वाचता येईल, दहा वर्षांनी येणार नाही.

‘पोकेमॉन गोल्ड’च्या बाबतीत मात्र मी मामांच्या बाजूचा आहे. तो खेळ अमेरिकेत २००० मध्ये आला आणि त्याच्या असंख्य उघड्या कॅसेटी जगात खेळल्या जात आहेत, त्यामुळे तुमची प्रत उघडून कोणाच्या ज्ञानात भर पडणार नाही. पुठ्ठ्याचे खोके शाबूत असेल, तर तिची खरी किंमत सीलमध्येच आहे. आतला खेळ ज्या चिपवर आहे तिला काही होत नाही, पण खेळाची प्रगती आणि आतले घड्याळ सीआर२०२५ या बॅटरीवर चालतात, आणि ही बॅटरी कारखान्यात बसवल्या दिवसापासून झिजत असते. म्हणजे आज सील फोडून भावाने खेळायला घेतली, तर खेळ सुरू होईल, परंतु बहुधा काहीच साठवले जाणार नाही, मग ३.८ मिलिमीटरच्या खास पेचकसाने कॅसेट खोलून, धातूच्या पट्ट्या जोडलेली नवी बॅटरी डाख देऊन बसवावी लागेल. एवढे करायचेच, तर ते एखाद्या उघड्या, जुन्या, पण अस्सल कॅसेटीवर करावे. नकली कॅसेटींचा सुळसुळाट आहे, तेव्हा घेताना आतील सर्किटच्या पाटीचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीलबंद प्रत विकायची ठरली, तर मावशींकडे खरेदीची पावती किंवा त्या काळचा एखादा फोटो आहे का ते आधी विचारा. पुन्हा वेष्टन चढवलेला माल इतका फिरतो, की घरचा असा पुरावा असलेल्या नगावरच घेणारा विश्वास ठेवतो.

एक गोष्ट नव्या खेळांबद्दल सांगतो, कारण पुढे तुम्ही विकत घ्यालच. ‘द क्रू’ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, आणि त्या दिवसापासून त्याची सीलबंद डिस्क व उघडी डिस्क सारख्याच निरुपयोगी ठरल्या. ज्याला चालण्यासाठी इंटरनेट लागते, तो खेळ गुंतवणूक म्हणून सीलबंद ठेवू नका; सर्व्हर चालू आहेत तोवर खेळून घ्या.

राहिले ते फुटबॉल, मारामारी आणि शर्यती. डबीच्या मुखपृष्ठावर ‘प्लॅटिनम’ची पट्टी असेल तर तो पुनर्मुद्रित नग आहे, त्याचा विचारच करू नका. बाकीचेही भावाच्या हवाली करा. फक्त यंत्राची लेन्स आधी स्वच्छ करून घ्या आणि पहिली डिस्क घालताना ती एखादी जुनी, ओरखडे पडलेली घाला. यंत्रच डिस्कला चरे पाडत असेल, तर ते नव्या डिस्कवर कळू नये. ‘हनुमान’ची उघडलेली प्रत यंत्रात घालण्याआधी संगणकावर तिची नक्कल झालेली असावी, हा क्रम मात्र चुकवू नका. ड्राइव्ह नसेल तर माझ्याकडे आहे, रावपुऱ्यात कोणत्याही रविवारी सकाळी घेऊन या. मामांनाही आणा, कारण २००९ मध्ये हा माल दुकानात कुठून आणि किती आला होता, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे आहे.