चॅटजीपीटी वापरून नोकरी शोधताना नेमकं काय करायचं?

नुसतं 'रिझ्युमे भारी कर' म्हटलंत तर तो न केलेली कामंपण घुसडतो, माझ्यात 'टीम लीड' घातलं होतं, हिंजवडीत इंटरव्ह्यूला नेमकं तेच विचारलं आणि मी गार! त्यापेक्षा अख्खं जॉब डिस्क्रिप्शन पेस्ट करा, खाली तुमचा रिझ्युमे (फोन नंबर, पत्ता काढून बरं का), आणि विचारा की यातलं माझ्याकडे काय असू शकतं जे मी लिहिलंच नाहीये, मग जे खरं असेल तेवढं स्वतःच्या शब्दांत लिहा. मला खरा उपयोग झाला तो व्हॉइस मोडवरच्या मॉक इंटरव्ह्यूचा, रात्री गच्चीवर फेऱ्या मारत. 'एकेकच प्रश्न विचार, उत्तर संपल्यावर चुका सांग' हे आधी बजावायचं, नाहीतर १० प्रश्न एकदम ओततो. पगाराचा आकडा मात्र त्याला विचारू नका, ठोकून देतो, तिथं काम करणाऱ्या कुणाला तरी चहा पाजा.