निरोप कुठे, निर्णय कुठे? कार्यालयीन ॲपविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पणजी): आमचा पर्यटनाचा व्यवसाय आहे. पणजीत कार्यालय, कळंगुटला काउंटर आणि चालक धरून बावीस माणसं. सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, पण गिऱ्हाइकाने केलेला बदल एकाला कळतो, दुसऱ्याला कळत नाही. स्लॅक घ्यावं, टीम्स घ्यावं की गूगल चॅट?

आधी तुमचा ईमेल कोणाकडे आहे ते पाहा. कंपनीच्या नावाचे ईमेल गूगल वर्कस्पेसवर असतील, तर चॅट आणि मीट त्याच पैशांत मिळालेले आहेत. वेगळं स्लॅक विकत घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर टीम्स वापरा, मात्र बिल नीट वाचा, कारण तेच पॅकेज टीम्स वगळूनही विकलं जातं. मेल आणि हिशेब झोहोवर असतील तर त्यांचंच क्लिक हे चॅट ॲप बरं. तिन्हींत विषयवार कप्पे करता येतात आणि जुना मजकूर शोधता येतो. तुमच्या कामाला तेवढं पुरे आहे.

स्लॅकमध्ये एका विषयाची उत्तरं एका धाग्याखाली फार नीट राहतात, हे खरं. पण फुकट योजनेत फक्त शेवटच्या ९० दिवसांचे निरोप दिसतात आणि वर्षापेक्षा जुने कायमचे पुसले जातात. तुमचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. जानेवारीत हॉटेलशी ठरलेला दर पावसाळ्यात हिशेब मिटवताना शोधायला जाल, तेव्हा तो दिसणार नाही. स्लॅक घ्यायचंच असेल तर पैसे भरून घ्या.

गूगल चॅटमधली एक अडचणही सांगून ठेवतो. संभाषणाचा इतिहास बंद असेल तर निरोप २४ तासांनी नाहीसे होतात. ॲडमिनने पहिल्याच दिवशी तो सगळ्यांसाठी चालू करून घ्यावा.

व्हॉट्सॲपवर बदल हरवतो तो माणसांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. तिथे सगळं एकाच ओळीत वाहतं आणि ‘ओके सर’च्या चाळीस निरोपांखाली तारीख बुडते. शिवाय खातं माणसाच्या नंबरवर असतं. तो नोकरी सोडून गेला की गिऱ्हाइकांशी झालेलं बोलणं त्याच्या फोनबरोबर जातं. पाठवलेली फाइल वेळेत उतरवून घेतली नाही, तर महिन्याभराने ती उघडतही नाही.

कप्पे चार-पाचच करा: बुकिंग-बदल, गाड्या, हॉटेल-दर, हिशेब, सर्वांसाठी. एक बदल म्हणजे एक धागा, आणि पहिल्या ओळीत सगळं आलंच पाहिजे. असं: ‘बुकिंग ४१७. विमानतळ दाबोळी नव्हे, मोपा. १२ डिसेंबर, विमान दुपारी २.४०. गाडी तीच. चालकाला काउंटर कळवणार.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मोपा आणि दाबोळीची गल्लत झाली की गाडी गोव्याच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि विमान चुकतं. म्हणून ‘चालकाला कळवा’ असं मोघम लिहू नका. कोण कळवणार ते लिहा, आणि कळवून झालं की त्यानेच त्या निरोपावर बरोबरची खूण करावी.

चालकांना नवं ॲप शिकवण्याचा अट्टहास नको. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप राहू द्या, फक्त त्यात निरोप टाकण्याचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवा आणि काउंटरवरच्या दोघांना ॲडमिन करा. पक्का झालेला निरोपच तिथे जाईल. कार्यालयातले ग्रुप मात्र एका झटक्यात बंद करू नका. आधी फक्त बुकिंग-बदल हलवा, तो अंगवळणी पडला की पुढचा.

प्रश्न (डिचोली): फुकटात किती वेळ मीटिंग घेता येते?

तिघांपेक्षा कमी नसतील तर झूमवर ४० मिनिटं, गूगल मीटवर आणि टीम्सच्या फुकट खात्यावर ६०. तिन्हींकडे माणसं १०० पर्यंत. आठवड्याच्या आढाव्याला ४० मिनिटं पुरतात. पुरत नसतील तर बहुधा विषयपत्रिका लांबलेली असते, ती आधी कापा.

प्रश्न (म्हापसा): मीटिंग वेळेवर होते, चर्चाही होते, पण पुढच्या वेळी तेच विषय परत येतात. एआयने नोंदी काढणारं ॲप घेतलं तर फरक पडेल का?

थोडाच. ही ॲपं बोलणं उतरवून घेतात. कोणी काय करायचं हे तुम्ही बोललाच नसाल तर ती ते कुठून लिहिणार? आणि आपल्याकडे एका वाक्यात मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही येतात. अशा बोलण्याचा यंत्राने काढलेला मसुदा विस्कळित होतो. आकडे आणि आडनावं सगळ्यात जास्त चुकतात, म्हणजे नेमकं जे बरोबर हवं तेच. मसुदा आठवणीसाठी ठेवा, इतिवृत्त माणसाने लिहावं.

विषयपत्रिका आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाठवा. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी हव्यात: मिनिटं, विषय मांडणारा, आणि तो माहितीसाठी आहे की निर्णयासाठी. नुसत्या माहितीचे विषय मीटिंगमधून काढून लेखी पाठवले तर निम्मी मीटिंग आटोपते. लिहिणारा आणि अध्यक्ष एकच माणूस नसावा. लिहिणाऱ्याने पडद्यावर तक्ता उघडून सगळ्यांसमोर लिहावं: काम, एकाच माणसाचं नाव, तारीख. ‘अकाउंट्स विभाग’ असं लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही. तारीख टाकताना सुट्ट्या पाहा. चतुर्थीच्या आठवड्यात टाकलेली मुदत पाळली जात नाही, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

तक्ता प्रत्येक वेळी नवा करू नका. एकच तक्ता पुढे चालवा आणि पुढची मीटिंग त्यातल्या अपूर्ण ओळींनी सुरू करा. यासाठी गूगल शीट किंवा टीम्समधला प्लॅनर पुरतो. तेच काम तिसऱ्यांदा पुढे ढकललं जात असेल तर ते रद्द तरी करा, नाहीतर दुसऱ्याकडे द्या.

प्रश्न (मडगाव): आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे एक संचालक लिस्बनला आणि एक दुबईला असतात. संचालक मंडळाची सभा व्हिडिओवर घेतली तर चालते का? कोणतं ॲप घ्यावं?

चालते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. पण रोजच्या मीटिंगसारखी घेऊन भागत नाही. निदान सात दिवस आधी नोटीस हवी आणि व्हिडिओवरून हजर राहता येईल हे नोटिशीत लिहिलेलं हवं. सुरुवातीला अध्यक्षांनी हजेरी घ्यायची. दूरच्या संचालकाने आपलं नाव, आपण कुठून बोलतो आहोत, विषयपत्रिका व कागदपत्रं मिळाली आहेत आणि आपल्याजवळ दुसरं कोणी ऐकत नाही, एवढं तोंडाने सांगायचं. सभेचं रेकॉर्डिंग करायचं आणि निदान त्या वर्षीचं ऑडिट पूर्ण होईपर्यंत जपायचं. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत संचालकांना पाठवायचा, त्यांनी सात दिवसांत हरकती कळवायच्या, आणि ३० दिवसांच्या आत ते नोंदवहीत चढवायचं.

ॲप निवडताना म्हणूनच रेकॉर्डिंग पाहा. गूगल मीटच्या फुकट खात्यावर आणि वर्कस्पेसच्या बिझनेस स्टार्टर योजनेवर ते नाही, बिझनेस स्टँडर्डपासून आहे. झूमच्या फुकट खात्यावर रेकॉर्डिंग संगणकात साठवता येतं, पण मोबाइलवरून सभा चालवलीत तर ती सोय मिळत नाही, आणि ४० मिनिटांनी सभा तुटते. टीम्सच्या बिझनेस बेसिकमध्ये वेळेचा जाच नाही, पण रेकॉर्डिंगला मुळातच १२० दिवसांची मुदत लावलेली असते; ती संपली की फाइल हटवली जाते. सभा संपली की मुदत काढा, किंवा फाइल उतरवून कंपनीच्या डिस्कवर ठेवा. ऑडिटर विचारतो तेव्हा १२० दिवस केव्हाच उलटलेले असतात.

दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, त्यामुळे ‘नाहीच जमलं तर व्हॉट्सॲप’ हा पर्याय धरू नका. वेळेचंही पाहा. दुबई आपल्यामागे कायम दीड तास. लिस्बन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ बदलतं. दर महिन्याचं निमंत्रण भारतीय वेळेवर लावलेलं असेल तर एप्रिलपासून तिथल्या संचालकाला सभा तासभर उशिरा दिसेल. निमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवा, तोंडी वेळ देऊ नका.

प्रश्न (कुंडई): कारखान्यातल्या ऑफिसात पावसाळ्यात वीज जाते आणि मीटिंग तुटते. शिवाय आवाज घुमतो. कोणतं ॲप कमी इंटरनेटवर चालतं?

ॲप बदलून हे सुटणार नाही. लॅपटॉपला बॅटरी असते. बंद पडतो तो राउटर. फायबर असेल तर भिंतीवर फायबरची वेगळी पेटी असण्याची शक्यता असते, आणि लोक यूपीएस फक्त राउटरला लावतात. दोन्हींना वीज हवी. अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही मिळतात. छोट्या यूपीएसवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी ते ३.७ व्होल्टच्या सेलचं माप आहे, म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. दोन्ही उपकरणं मिळून २० वॉट ओढत असतील तर दीड तास धरा, दोन नव्हे.

लाइनच गेली तर मोबाइल हॉटस्पॉटवर कॅमेरे बंद करून बसा. झूमच्या नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात. गटात चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला अपलोडचा वेग सेकंदाला साधारण १ मेगाबिट लागतो.

आवाज घुमतो कारण एकाच खोलीत दोन-तीन लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर चालू असतात. एकाचाच आवाज चालू ठेवा, बाकीच्यांचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नुसता माइक बंद करून भागत नाही. सहा-सात जण टेबलाभोवती बसत असतील तर मध्ये ठेवायचा एक कॉन्फरन्स स्पीकर घ्या. पत्र्यावर पाऊस जोरात वाजत असेल तेव्हा मात्र जो बोलतो त्याने हेडसेट लावावा, कारण मधला स्पीकर पावसाचा आवाजही तितकाच उचलतो.