कोरियातल्या टीमशी काकाओटॉकवर बोलताना आपली व्हॉट्सॲपची सवय चालेल का?

तुम्ही अंधेरीच्या ऑफिसातून सोलच्या टीमशी बोलणार म्हणता, तर आधी वाचल्याच्या खुणेकडे नीट लक्ष द्या. २०१० साली सुरू झालेल्या काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग ॲपमध्ये मेसेजशेजारी छोटा पिवळा आकडा दिसतो. ग्रुपमधल्या किती जणांनी अजून वाचलं नाही, ते तो सांगतो. एकेकाने वाचलं की तो कमी होत जातो आणि शेवटी नाहीसा होतो. त्यामुळे वाचून गप्प बसलेला माणूस तिथे पटकन नजरेत येतो, आणि ते मनाला लागतं.

मुंबईत आपण एकमेकांना सांभाळून घेतो. निळ्या टिका दिसल्या तरी समोरचा विरार लोकलमध्ये लटकत असेल, उतरल्यावर लिहील, असं धरून चालतो. ही सवलत सोलमधल्या माणसाने द्यावी अशी अपेक्षा ठेवू नका, त्याला आपली लोकल कुठून माहीत असणार! 'पाहिलं, संध्याकाळपर्यंत कळवतो' एवढं लगेच टाका.

फुलांची गुड मॉर्निंग चित्रं मात्र घरच्या ग्रुपपुरतीच राहू द्या. आणि तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपल्या संध्याकाळी सातला तिकडे साडेदहा वाजलेले असतात.